झिल्जियन, सेबियन, पायस्टी की माइनल : ऐरोलीच्या एका ड्रमरला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही ऐरोलीला राहता. तीन वर्षं ड्रम्स वाजवताय आणि किटबरोबर आलेले पितळी सिंबल, म्हणजे ड्रमसेटमधल्या धातूच्या थाळ्या, आता कानाला नकोसे झालेत. बजेट ४० हजार. कॉलेजच्या मित्रांबरोबर रॉक बँड आहे, शिवाय सीझनमध्ये आगरी-कोळी हळदीचे आणि नवरात्रीचे कार्यक्रम करता. झिल्जियन, सेबियन, पायस्टी आणि माइनल या सिंबलच्या चार ब्रँडची तुलना करणारे यूट्यूबवरचे व्हिडिओ हेडफोन लावून पाहिलेत, दर वेळी वेगळाच ब्रँड आवडला, आणि आता विचारताय की या चौघांत आवाज कुणाचा सर्वांत चांगला.

मी ठाण्यात ड्रम्स शिकवते, ऑर्केस्ट्रात वाजवते आणि अधूनमधून स्टुडिओतही बसते. शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. माझं म्हणणं स्पष्ट आहे : आवाज पारखताना ब्रँडचं नाव सर्वांत शेवटी बघायचं. एकाच ब्रँडच्या स्वस्त आणि महाग सिरीजमध्ये जेवढं अंतर असतं, तेवढं दोन ब्रँडच्या बरोबरीच्या सिरीजमध्ये नसतं. तुमचा व्हिडिओंनी गोंधळ झाला तो त्यामुळेच. एकात झिल्जियनची के सिरीज होती, दुसऱ्यात सेबियनचा बी८एक्स, तिसऱ्यात माइनलचा बायझन्स. वर नावं ब्रँडची, पण प्रत्यक्षात तुम्ही वेगवेगळे धातू, वेगवेगळी वजनं आणि वेगवेगळे माइक ऐकत होतात.

म्हणून प्रश्न मी असा बदलून घेते : बंद जॅम रूम (बँडच्या सरावाची खोली), हळदीचा मांडव आणि नवरात्रीचं मैदान या तिन्ही ठिकाणी तुमच्या कामाला येईल असा आवाज ४० हजारांत कोणत्या धातूत, कोणत्या मापात आणि कोणत्या वजनात मिळेल? एवढं ठरलं की ब्रँडचा निर्णय दुकानात अर्ध्या तासात होतो.

सुरुवात धातूपासून. तुमच्याकडे आत्ता आहेत ते पितळी, म्हणजे तांबं आणि जस्त. व्यापारात या मिश्रधातूला एमएस-६३ म्हणतात : ६३ टक्के तांबं, ३७ टक्के जस्त. चांगले सिंबल ब्राँझचे, म्हणजे तांबं आणि कथिल. आपल्या घरांत हा फरक पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पितळी डब्यावर टिचकी मारा, आवाज उठतो आणि बसतो. काशाच्या वाटीवर मारा, नाद पसरत जातो आणि त्याची आस बराच वेळ राहते. वारकऱ्यांचे चांगले टाळ काशाचे असतात ते याच कारणाने. काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथिल असतं. सिंबलच्या दुनियेत ज्याला बी-२० म्हणतात त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथिल. म्हणजे जगभरातल्या महागड्या सिंबलांचा धातू आपल्या टाळांचा अगदी जवळचा नातेवाईक आहे.

दुसरा ब्राँझ बी-८ : ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथिल. कथिल कमी असल्यामुळे हा धातू लवचीक असतो, त्याच्या मोठ्या शीट थंडपणी लाटता येतात आणि गोल चकत्या कापून सिंबल बनवता येतात. बी-२० तसा लाटायला गेलं तर तडकतो. तो ओतून, पुन्हा पुन्हा तापवून, गरम असतानाच रोलरखाली घालावा लागतो आणि मग पाण्यात विझवावा लागतो, तेव्हा कुठे तो हातोडी सोसण्याजोगा होतो. मेहनत आणि वेळ वाढतो, म्हणून किंमतही वाढते.

कानाला काय फरक पडतो? बी-८ चा आवाज सरळ, उजळ, नेमका. ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुराबरोबर उठणारे वरचे सूर, कमी आणि एका दिशेने जाणारे. बी-२० मध्ये एकाच फटक्यात खाली जाड, वर बारीक असे अनेक थर ऐकू येतात आणि हळू वाजवलं की एक रंग, जोरात वाजवलं की दुसरा. हा दुसरा गुण मला फार मोलाचा वाटतो. सिंबलवर जोराचा फटका बसला की ऊर्जा आधी खालच्या कंपनांत असते आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात वरच्या कंपनांकडे सरकते; फटका मारल्यानंतर क्षणभराने जो झगमगाट फुलतो तो हाच. चांगल्या बी-२० मध्ये हे फुलणं तुमच्या हाताच्या ताब्यात असतं. स्वस्त पितळी सिंबलमध्ये ते बरंच कमी जाणवतं, म्हणून हळू वाजवा की जोरात, आवाज लहान-मोठा होतो पण रंग फारसा बदलत नाही. तीन वर्षांनी तुम्हाला तुमचे सिंबल खटकायला लागले याचा अर्थ तुमचा हात आता रंग मागतोय. ही चांगली खूण आहे.

पण इथे एक सावधगिरी. ‘बी-२० म्हणजे उत्तम, बी-८ म्हणजे निकृष्ट’ असं समीकरण दुकानदार सर्रास ऐकवतात. ते चुकीचं आहे. पायस्टीची २००२ ही सिरीज १९७१ साली आली, ती बी-८ चीच आहे आणि तिच्यावर रॉक संगीताची एक अख्खी पिढी उभी राहिली. लेड झेपलिनचा जॉन बॉनम पायस्टीच वाजवायचा. आजही २००२ चा एक क्रॅश (ठळक, जोरकस फटक्यांसाठीचा सिंबल) बऱ्याच बी-२० क्रॅशच्या भावात किंवा त्याहून महाग पडतो. धातू तोच, पण हॅमरिंग (हातोडीचे ठोके), लेथ (फिरवत पृष्ठभाग तासणं) आणि निवड यांत जीव ओतलेला असतो. उलट सुरुवातीच्या किमतीचे बी-८ मशीनवर झपाट्याने बनतात आणि त्यांत कर्कशपणा राहून जातो. त्यामुळे धातू पाहून आवाजाची जात कळते, दर्जा मात्र कारागिरीवर ठरतो.

आता चारही ब्रँडच्या शिड्या शेजारी शेजारी लावून बघा, म्हणजे तुलना कुणाची कुणाशी करायची ते कळेल. पितळाच्या पायरीवर झिल्जियनचा प्लॅनेट झी, सेबियनचा एसबीआर, पायस्टीचा पीएसटी ३ आणि माइनलचा एचसीएस. बी-८ च्या पायरीवर झिल्जियन आय, सेबियन बी८एक्स, पायस्टी पीएसटी ७ आणि माइनल एचसीएस ब्राँझ. मधल्या पायरीवर झिल्जियनची एस सिरीज बी-१२ मध्ये आणि माइनलची क्लासिक्स कस्टम बी-१० मध्ये. त्यावर बी-२० : झिल्जियनचे ए आणि के, सेबियनचे एक्सएसआर, एए, एएएक्स, एचएच, एचएचएक्स, माइनलचे बायझन्स. पायस्टीचा रस्ता थोडा वेगळा आहे. त्यांचा २००२ बी-८ मध्ये, फॉर्म्युला ६०२ बी-२० मध्ये आणि १९८९ मध्ये आलेली सिग्नेचर सिरीज त्यांच्या स्वतःच्या पेटंट घेतलेल्या धातूत. तुलना करायची ती एका पायरीवरच्या मालाची. माइनल एचसीएस आणि झिल्जियन के समोरासमोर ठेवून ‘माइनलमध्ये दम नाही’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. ते माइनलवर अन्याय करतात आणि ऐकणाऱ्याची दिशाभूल करतात.

झिल्जियन आणि सेबियन यांच्यात ‘खरा कोण’ असा जो वाद रंगतो, तोही थोडा इतिहास माहीत असला की निवळतो. १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, अवेदिस झिल्जियन या आर्मेनियन कारागिराने हा धंदा सुरू केला. १९२९ मध्ये घराण्याची एक शाखा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना काढून बसली. पुढे १९८१ मध्ये भावाभावांत वाटणी झाली आणि रॉबर्ट झिल्जियन यांनी कॅनडातल्या मेडक्टिक गावच्या कारखान्यातून सेबियन सुरू केलं. म्हणजे धातू एका घरातला, विद्या एका घरातली. तुर्कस्तानात मागे राहिलेली के सिंबलची कार्यशाळा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली, पण तिथल्या अगोप आणि मेहमेत या कारागिरांनी पुढे इस्तंबूल नावाने काम चालू ठेवलं. अगोप १९९६ मध्ये गेल्यावर त्याचे इस्तंबूल अगोप आणि इस्तंबूल मेहमेत असे दोन ब्रँड झाले. माइनल जर्मन कंपनी, १९५१ ची, पण तिचे बायझन्स तुर्कस्तानातच हाताने घडतात. हे सगळे एका मोठ्या कुटुंबाचे आहेत. वेगळं घराणं म्हणायचं तर पायस्टीचं. ते लोक मूळचे एस्टोनियाचे, आणि आज त्यांचं मुख्य ठिकाण स्वित्झर्लंडमध्ये आहे.

मग ब्रँडला स्वतःचा स्वभावच नाही का? आहे, पण तो वरच्या पायऱ्यांवर दिसतो. झिल्जियन ए ऐकलं की बहुतेकांच्या मनातला ‘सिंबलचा आवाज’ समोर येतो : उजळ, भरलेला, कुठल्याही गाण्यात बसणारा. के गडद आणि कोरडा, स्टिकचा टोला स्पष्ट आणि मागचा पसारा कमी. सेबियन एएएक्स झिल्जियन ए च्या मानाने अधिक टोकदार आणि चटकन उठणारा. एचएचएक्स गडद, तरी गर्दीतून वाट काढणारा. पायस्टीची मला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे सातत्य. एकाच मॉडेलचे दोन नग घ्या, ते सख्ख्या भावांसारखे निघतात, आणि त्यांचा उजळपणा काचेसारखा स्वच्छ असतो. बायझन्समध्ये उपप्रकार इतके आहेत की एका वाक्यात मावणार नाहीत, पण ड्राय आणि डार्क प्रकारांनी गेल्या काही वर्षांत स्टुडिओ काबीज केलेत, कारण त्यांची आस लवकर ओसरते आणि माइकवर गाणं मोकळं राहतं. अगोप आणि मेहमेत हाती लागले तर जरूर वाजवून बघा. त्यांचा प्रत्येक नग वेगळा, त्यामुळे ते न ऐकता मागवण्यात अर्थ नाही.

आता वजन. माझ्या मते नवशिके आणि मध्यम ड्रमर याकडे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि खरेदी बिघडते ती इथेच. माप तेच असेल तर पातळ सिंबलचा सूर खाली असतो, तो हलक्या हाताला लगेच उघडतो आणि लवकर शांत होतो. जाड सिंबलचा सूर वर असतो, आवाज मोठा, आस लांब, पण त्याला उघडायला जोर लागतो. १६ इंची पातळ क्रॅश हजार ग्रॅमच्या आसपास असतो, जाड क्रॅश बाराशे-तेराशेपर्यंत जातो. राइड म्हणजे सलग ठेका धरायचा मोठा सिंबल; २० इंची राइड अठराशे ग्रॅमचा असेल तर तो क्रॅशसारखाही उघडतो. अडीच-पावणेतीन किलोचा असेल तर स्टिकचा ‘पिंग’ घंटेसारखा स्वच्छ मिळतो, पण त्याला क्रॅश करायला गेलात तर हात दुखेल आणि आवाज उघडणार नाही. हाताने बनलेल्या सिरीजमध्ये एकाच मॉडेलच्या दोन नगांत शंभर ग्रॅमचा फरक सहज असतो आणि तो कानाला कळतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी दुकानात जाताना छोटा डिजिटल काटा बरोबर न्यायला सांगते. दुकानदाराला आधी नवल वाटतं, मग तोच मदत करतो.

वजनाखेरीज बेल आणि घडण. मधला उंचवटा मोठा असेल तर ओव्हरटोन आणि आस वाढते, लहान असेल तर आवाज आवरलेला राहतो. हातोडीचे ठोके खोल आणि विस्कळीत असतील तर आवाज गडद आणि कोरडा होतो. पृष्ठभागावर लेथच्या रेषा नसतील तर आवाज आणखी दाबला जातो. चकचकीत ब्रिलियंट पॉलिशमुळे आवाज थोडा मऊ झाल्यासारखा वाटतो असं बरेच ड्रमर म्हणतात. माझ्या कानाला तो फरक वजनाच्या फरकापुढे अगदी किरकोळ आहे.

इतकं सगळं झाल्यावर परिस्थितीचा प्रश्न येतो, आणि इथे तुमच्या वाजवण्याच्या जागा निर्णायक आहेत.

जॅम रूम बहुतेक लहान, छत खाली, भिंतींना फोम, जमिनीवर गालिचा. तिथे गिटारचे अँप वाजत असतात, म्हणून जाड सिंबल घ्यावेसे वाटतात. घेऊ नका. बंद खोलीत जाड सिंबल गायकाचा आवाज गिळतो आणि तासाभरात सगळ्यांचे कान बधिर होतात. मध्यम किंवा मीडियम-थिन (मध्यमपेक्षा जरा पातळ) वजन तिथे भरपूर पुरतं.

मैदानाचं गणित उलट. नवरात्रीत कोपरखैरणे असो की घोडबंदर रोड, उघड्यावर आवाज परतून येत नाही. गडद, बारीक थरांचा आवाज चार पावलांवर हरवतो. वर साउंडवाला ड्रमला बहुतेक वेळा एकच ओव्हरहेड (डोक्यावर लावलेला) माइक देतो, कधी तोही नसतो. तिथे उजळ आणि चटकन उठणारा क्रॅश लागतो, पण आस आखूड हवी. गरब्याची लय वेगात असते; समेवर मारलेला क्रॅश पुढच्या समेपर्यंत रेंगाळला तर सगळा ठेका गढूळ होतो. म्हणजे तुम्हाला उजळ पण पातळ हवा. १८ इंची जाड क्रॅशपेक्षा १६ इंची मीडियम-थिन तिथे जास्त उपयोगी.

हळदीचा कार्यक्रम मात्र तिसऱ्याच जातीचा, आणि यावर कुठलाही परदेशी व्हिडिओ तुम्हाला काही सांगणार नाही. तिथे तुमच्याबरोबर ढोलकी असते, ताशा असतो, बेंजो असतो, ऑक्टोपॅड असतो, कधी झांजाही. ढोलकीची चाट आणि ताशाची कडकड वरच्या पट्टीत आधीच ठाण मांडून बसलेली असते. तुमचे हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) त्याच पट्टीत चिरकायला लागले तर ढोलकीवाल्याची चाट झाकली जाते आणि कोळीगीताचा ठसका निघून जातो. म्हणून ढोलकीबरोबर वाजवताना मला हाय-हॅट थोडे खालच्या सुराचे आणि ‘चिक’ स्पष्ट देणारे आवडतात. १४ इंची, वरचा मीडियम, खालचा जाड. खालचा जाड असला की पायाचा ठोका घट्ट येतो आणि उघड्यावरही लय धरून ठेवतो. ढोलकीवाल्याशी आधी बोलून घ्या. तो म्हणेल तो आवाज ऐका. त्याच्या कानाचा सल्ला मी अनेकदा घेतलाय आणि तो कामी आलाय.

नाट्यगृहात कधी वाजवायची वेळ आली, म्हणजे गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे, तर एवढंच लक्षात ठेवा की तिथे आवाज परत येतो आणि पुढच्या रांगेत आजी-आजोबा बसलेले असतात. स्टिकऐवजी रॉड्स (बारीक काड्यांच्या जुड्या) वापरा, नवे सिंबल घ्यायची गरज नाही.

थोडक्यात आत्तापर्यंतचं : पायरी एक असेल तरच तुलना, त्यात धातूने रंग ठरतो, वजनाने सूर आणि आस, आणि तुमच्या तिन्ही जागांना मिळून मध्यमाच्या जरा खालचं वजन सोयीचं. ब्रँड अजून मधे आलेलाच नाही.

यूट्यूबबद्दल. ते व्हिडिओ टाकाऊ नाहीत, पण त्यांतून काय कळतं आणि काय नाही हे ओळखायला हवं. स्टुडिओत माइक सिंबलच्या अगदी वर असतो, त्यावर ईक्यू (पट्ट्या कमी-जास्त करणं) आणि कंप्रेशन (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं) चढतं, आणि अपलोड होताना फाइल लहान केली जाते. आवाजाची फाइल लहान करणाऱ्या या तंत्राला सर्वांत जड जातात ते सिंबलसारखे वरच्या पट्टीतले पसरट आवाज. कमी दर्जाच्या फाइलमध्ये ते पाण्यात बुडाल्यासारखे येतात. शिवाय सगळे क्लिप एकाच पातळीवर आणलेले असतात, त्यामुळे कोणता सिंबल खरोखर किती मोठा वाजतो हे कळतच नाही. व्हिडिओवरून एवढंच ठरवा : उजळ हवा की गडद, लांब आस हवी की आखूड. त्यापुढचं काम प्रत्यक्ष कानाचं.

ते काम असं करा. हार्बर लाइनने असो की सेंट्रलने, सीएसएमटीला उतरून धोबीतलावला जा. फुर्टाडोस १८६५ पासूनचं दुकान आहे, आणि त्या परिसरात वाद्यांची इतरही दुकानं आहेत. आधी फोन करून कोणत्या सिरीजचा माल खरोखर दुकानात आहे ते विचारा. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका. गर्दीत काहीही ऐकू येत नाही. स्वतःच्या स्टिक घेऊन जा, कारण नायलॉन टिपने तोच राइड अधिक उजळ वाजतो आणि लाकडी टिपने मऊ, आणि दुकानातल्या कुणाच्या तरी स्टिकने केलेली तुलना तुमच्या हाताला लागू पडत नाही. एक मित्र बरोबर हवाच. एकाच मापाचे, एकाच वर्गातले आणि काट्यावर जवळपास सारख्या वजनाचे दोनच नग स्टँडवर लावा. मित्राला वाजवायला सांगा आणि तुम्ही १५-२० फुटांवर पाठ करून उभे राहा. ड्रमच्या मागे बसून ऐकू येतं ते एक, श्रोत्यांपर्यंत पोचतं ते दुसरं. लोगो दिसत नसला की कान प्रामाणिकपणे काम करतो. ब्रँडची भक्ती असलेल्या भल्याभल्यांना अशा वेळी आपला लाडका ब्रँड ओळखता आलेला नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

वाजवताना क्रम ठेवा. आधी अगदी हळू, मग मध्यम, मग पूर्ण जोरात. क्रॅश मारल्यावर तो पूर्ण विरेपर्यंत थांबा. शेवटी राहणारा सूर तुमच्या गाण्यांना खटकतो का ते बघा. हाय-हॅट बंद, अर्धे उघडे आणि फक्त पायाने, असे तिन्ही. आणि कानात प्लग घाला, शक्यतो संगीतकारांसाठी मिळतात तसे, कारण साधे फोमचे प्लग वरची पट्टीच कापून टाकतात आणि मग तुलनाच उरत नाही. मोठ्या आवाजात सात-आठ नग ऐकले की कान थकतो आणि सगळे सारखे वाटू लागतात. चहा प्या, मग उरलेले ऐका.

एक गैरसमज इथेच दूर करते. ‘सगळे सिंबल एकाच ब्रँडचे हवेत’ हा नियम नाही. मोठे ड्रमर एकाच ब्रँडचे दिसतात कारण त्यांचा कंपनीशी करार असतो. माझ्या स्वतःच्या सेटमध्ये हाय-हॅट, राइड आणि क्रॅश तीन वेगळ्या कंपन्यांचे आहेत आणि ते एकमेकांत छान मिसळतात. फक्त पायऱ्या फार लांब नसाव्यात. बी-२० राइडशेजारी पितळी क्रॅश लगेच उघडा पडतो.

तुमच्या ४० हजारांचं म्हणाल तर दोन रस्ते आहेत. एक, बी-८ चा पूर्ण संच : हाय-हॅट, क्रॅश, राइड, एका खोक्यात. दुसरा, बी-२० किंवा मधल्या पायरीतले एक-दोनच नग, बाकी नंतर. मी दुसरा सुचवेन. पूर्ण संच घेतला की दोन वर्षांनी पुन्हा सगळाच बदलावासा वाटतो, आणि जुन्या बी-८ संचाला विकताना फारसा भाव येत नाही. तुम्ही रोजच्या रोज जे सर्वांत जास्त वाजवता ते हाय-हॅट. गाण्याच्या प्रत्येक मात्रेला ते ऐकू येतात. म्हणून पहिला खर्च हाय-हॅटवर. सेबियन एक्सएसआर, झिल्जियन एस आणि माइनल क्लासिक्स कस्टम यांची १४ इंची जोडी आधी ऐका. झिल्जियन ए ची जोडी बजेटमध्ये बसली तर तीही. पैसे उरले तर त्यात १६ इंची मीडियम-थिन क्रॅश. राइड सध्या जुनाच राहू द्या; तुमच्या तिन्ही प्रकारच्या कार्यक्रमांत त्याचं काम सर्वांत कमी आहे. पुढे जाझकडे वळलात तर हा क्रम पूर्ण उलटेल आणि राइड पहिला येईल.

जुना माल घेणार असाल तर कडेवरून नख फिरवा, बारीकशी चीरही अडखळते. मधलं भोक लांबट झालंय का बघा, बेलच्या मुळाशी तडा शोधा. हळूच वाजवून पाहा. तडा असेल तर आवाज मधेच तुटतो किंवा फरफरतो. कडेला तडा असलेला सिंबल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तडा पुढे वाढतच राहतो.

नवे घेतलेत तरी तडे जायचे टाळता येतात. विंग नट करकचून आवळू नका, सिंबलला डुलायला जागा हवी. स्टँडच्या लोखंडी दांड्यावर प्लॅस्टिकची स्लीव्ह आणि खाली फेल्ट हवंच. भाड्याच्या स्टँडवर ती हमखास गायब असतात, म्हणून बॅगेत स्वतःची दोन-चार ठेवा. क्रॅशला आडव्या, निसटत्या हाताने मारा, समोरून खुपसून नव्हे. ऐरोलीला खाडीची हवा आहे, दमट आणि खारी. कार्यक्रमानंतर कोरड्या सुती कापडाने पुसून मगच बॅगेत घाला. तांब्या-पितळेची भांडी घासायच्या पावडरीने किंवा चिंचेने घासू नका. लोगो तर जातोच, पण घासून घासून पृष्ठभागही झिजतो. काळपटपणा आला तर येऊ द्या, त्याने आवाज थोडा मऊ होतो आणि अनेकांना तोच आवडतो.

फ्लॅटमध्ये रियाजासाठी यातले कुठलेच सिंबल वापरू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. एक क्रॅश ती सहज ओलांडतो, आणि सोसायटीशी भांडून कुणाचा रियाज चालत नाही. बारीक छिद्रांचे लो-व्हॉल्यूम सिंबल मिळतात, त्यांवर हाताची सवय राहते. ते लगेच परवडत नसतील तर तुमच्या जुन्या पितळी सिंबलांवर रबरी म्यूट पॅड बसवा. विकून फार पैसे येणार नाहीत, रियाजाला मात्र ते बरीच वर्षं पुरतील.

हाय-हॅट घेतलेत की त्यांचं मॉडेल आणि वरच्या-खालच्या दोन्हींचं वजन इथे लिहा. एक हळदीचा आणि एक जॅम रूमचा कार्यक्रम त्यांवर झाला असेल तर ढोलकीवाल्याचं मतही लिहा. १६ चा क्रॅश घ्यायचा की १८ चा, हे त्यावरून मला बरंच नेमकं सांगता येईल.